फणसासारखी वाजवून घेतलेली गिटार

आयुष्याचं लिहिणारे आधी जन्म, मग शाळा, मग मास्तरांच्या छड्या असं ओळीनं लिहितात. माझी शाळा चौथीला संपली आणि जन्म नक्की कधीचा ते आईलाही सांगता यायचं नाही, त्यामुळे तो भाग चार ओळींत उरकला. माणूस लहानपणीच मोठा होतो असं काही नाही. मी मोठा झालो चाळिशी उलटल्यावर, घरात पोरगी सतरा वर्षांची असताना, एका गिटारीपायी. हसायचं त्यानं हसावं. मी हे सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं लिहितोय, टोक पटाशीनं काढतोय आणि शुद्धलेखन कुणाकडून तपासून घेणार नाही.

मिरजोळ्याला कारखान्यांची वसाहत संपते तिथून कातळावरची पायवाट खाली उतरली की आमचं घर. चिऱ्याच्या भिंती गवंड्याच्या, पण दारं-खिडक्या माझ्या हातच्या, फणसाच्या लाकडाच्या. आजही एक दार कुरकुरत नाही. पुढच्या पडवीत माझं काम चालायचं. वर्षभर लोकांची कपाटं, पलंग, चौकटी, आणि हंगाम जवळ आला की आंब्याच्या पेट्या. पेट्यांच्या दिवसांत घरात दुसरा आवाजच नसायचा. एका खिळ्याला तीन ठोके, दोन हलके आणि तिसरा जोरात. सकाळी सात वाजता सुरू झालेला तो ठेका दुपारी जेवायला थांबे, तेव्हा कान एकदम रिकामे झाल्यासारखे वाटायचे. मग आतून मालतीच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा. मालती म्हणजे माझी बायको. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा, त्यात रंधा मारलेल्या लाकडाचा वास मिसळलेला. आता गॅसवर बांगडा भाजतात. खातो मी, पण तो बांगडा नव्हे.

आमची सुजाता, घरातली सुजू, पडवीच्या पायरीवर बसून अभ्यास करायची आणि माझ्या ठोक्यांवर काहीतरी गुणगुणायची. माझा ठोका चुकला तर तिचं गाणं थांबायचं आणि ती मान वर न करता म्हणायची, "बाबा, खिळा वाकडा गेला." खरंच गेलेला असायचा. तिचा कान माझ्यावर गेलाय, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो.

वरच्या अंगाला डिसोजा बाई भाड्यानं राहायच्या, सावंतवाडीकडच्या, शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सुजू त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला गेली आणि गिटार शिकून आली. मला हे कळलं तेव्हा तिला वाजवायला लागून वर्ष झालं होतं. मी म्हटलं, गिटार कशाला, बाजाची पेटी शीक, बुद्धविहारात वाजवता येईल. वाडीत तर थट्टाच. आमचा शेजारी तुकारामदादा रस्त्यात उभा राहून विचारायचा, "काय रे, लेक गिटार वाजवणार, मग नाचणार कोण? बापूस?" मी त्याला उत्तर द्यायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घरी येऊन सुजूला काही बोलायचो नाही, कारण बाईंच्या पडवीतून ते वाजवणं संध्याकाळी खाली यायचं आणि माझा हात आपोआप हळू व्हायचा.

मग बाईंची बदली झाली. सामान टेम्पोत चढवायला मी गेलो होतो. गिटार त्यांनी मांडीवर घेतली होती, पोरासारखी. निघताना मला म्हणाल्या, "सुजाताचा हात चांगला आहे. तिला एक घ्या. साधीच घ्या, महाग नको. फक्त घेताना तिच्या हातात देऊन बघा हां."

मी म्हटलं, "बाई, लाकूड मला कळतं."

त्या हसल्या. कशाला हसल्या ते मला कळायला सहा महिने लागले.

बाई गेल्यावर चार-आठ दिवसांत एक दुपार अशी आली की पेट्यांसाठी कापलेल्या पट्ट्यांतली एक कमी भरली. शोधत मागल्या दारी गेलो तर सुजू तिथे कुंपणाच्या जांभ्याच्या गडग्यावर बसलेली. पट्टी तिच्या हातात. तिनं माझ्याच पेन्सिलीनं पट्टीवर सहा उभ्या रेघा ओढल्या होत्या, आडव्या घरांच्या रेघा मारल्या होत्या, आणि डाव्या हाताची बोटं त्या रेघांवर दाबून ती डोळे मिटून बसली होती. आवाज कसला येणार, लाकडाची पट्टी ती! पण तिचं डोकं हलत होतं. मी आलो तसा मागे फिरलो. पट्टी कमी आहे हे कुणाला बोललो नाही, दुसरी कापली. त्या पेटीला बसवताना तिसरा ठोका बोटावर बसला.

हंगाम संपला, आंबेवाल्यांकडचे पैसे हातात आले, तेव्हा मी मालतीला म्हटलं, दीड हजाराच्या वर जाणार नाही, पण आणतो. मालती म्हणाली, "आणा. पण तिच्या पसंतीनं आणा." आता दोन बायकांनी एकच गोष्ट सांगितल्यावर माणसानं ऐकायला हवं. मी सुजूला बरोबर घेतलं आणि माझ्या मते ऐकलं.

रत्नागिरीच्या बाजारात वाद्यांचं दुकान होतं. खाली तबले, ढोलक्या, पेट्या, आणि वर तारेला टांगलेल्या तीन गिटारी. एक लालभडक, चकचकीत, वरातीच्या घोड्यासारखी सजवलेली. दुसरी काळी, अंगानं लहान. तिसरी कोपऱ्यात, वाळल्या गवताच्या रंगाची, धुळीनं माखलेली, बहुतेक कुणी बरेच दिवस हात न लावलेली. दुकानदार लाल काढायला गेला. मी म्हटलं, राहू दे, मी बघतो.

आणि मी बघितलं. आजही सांगतो, माझ्यासारखी गिटार त्या दुकानात कुणी बघितली नसेल. आधी पोटाच्या भोकाची कड बघितली. लाल आणि काळीच्या कडेला तीन थर दिसत होते, म्हणजे प्लायवूड. गवती रंगाचीला वरच्या रेषा कडेवरून तशाच आत उतरल्या होत्या, म्हणजे पुढची फळी सबंध, एका लाकडाची. मग एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली, आम्ही फळी सरळ आहे की नाही बघतो तशी. लालची मान दोऱ्याच्या जाडीएवढी बाकलेली. गवतीची सरळसोट. मग बोटाच्या पेरानं प्रत्येकीच्या पोटावर टकटक केली आणि कान लावला.

दुकानदार म्हणाला, "काका, वाद्य आहे ते. फणस नव्हे."

"फणसच हाय," मी म्हटलं. "पिकला की कच्चा, ते वाजवल्याशिवाय नाय कळत."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मला चेव आला. लाल बद्द वाजत होती, काळी जरा बरी, पण गवतीचा आवाज घागरीत कुणी बोलल्यासारखा आतून आला. मी म्हटलं, हीच. दुकानदारानं एकोणीसशे सांगितले. मी त्याला तिच्यावरची धूळ दाखवली, कडेचा एक ओरखडा दाखवला, इतके दिवस कुणी घेतली नाही हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं, आणि दीड हजारावर आणली. एवढ्या पैशात सबंध फळीची गिटार! अजून मला तो सौदा चुकला असं वाटत नाही. चुकलं ते दुसरंच.

हे चालू असताना सुजूनं काळी गिटार खाली काढून मांडीवर घेतली होती. दोन-तीन सूर वाजवले. "बाबा, ही..." एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "थांब गो. ती प्लायवूड हाय."

तिनं ती परत टांगली. मी बघत होतो पण मला दिसलं नाही. पैसे देताना दुकानदार म्हणाला, "आठ दिवसांत बदलून देईन. पोरीच्या हाताला नाही बसली तर."

"हाताला बसायला ती काय चप्पल हाय?" मी म्हटलं, आणि परत सगळे हसले. सुजूही हसली. ती हसली म्हणून मी खूश.

पहिले आठ-दहा दिवस घरात नुसता आनंद. वाडीतली माणसं बघून गेली, तुकारामदादासुद्धा. मी प्रत्येकाला भोकाची कड दाखवायचो. पण सूर बाईंच्या पडवीतून यायचे तसे येईनात. मध्येच तुटायचे. एखादा सूर नीट लागायचा, पुढचा खरखरायचा, मग शांतता, मग परत पहिल्यापासून. मी म्हणायचो, सवय होईल. सुजू म्हणायची, हो बाबा. तिच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं, तिथे मालती खोबरेल चोळून द्यायची. पावसाळा सरला तोवर वाजवणं आठवड्यातून एकदा आलं. दिवाळीच्या सुमारास गिटार कापडात गुंडाळून पोटमाळ्यावर गेली. मी एकदा जेवताना म्हटलं, "फिटली हौस?" सुजू ताटात बघत राहिली. भाकरीचा तुकडा हातात तसाच. मग उठली आणि हात धुवायला गेली. शिव्या दिल्या असत्या तरी मला एवढं लागलं नसतं.

मालतीनं मला पडवीत गाठलं. "पोरीनं धड काय खाल्लान पण नाय. तुम्हाला काय बोलायचा असता तेव्हा ताटावरच बोलायचा असता."

"मी काय वाईट बोललो? चांगल्यातली चांगली आणून दिली."

"तिला ती काळी हवी होती."

"मग बोलायचा होता!"

"बोललीन ती. तुम्ही थांब म्हणालात."

मी रागानं पोटमाळ्यावर चढलो. मनात असं की गिटार खाली आणावी, दोघींसमोर धरावी आणि विचारावं, हिच्यात खोट कुठे आहे ते दाखवा. कापड सोडलं. उजव्या हातानं पोट धरलं आणि डाव्या हातानं मान. आणि तिथेच शिडीवर थांबलो. मान माझ्या मुठीत अशी बरोबर बसली होती की जणू माझं माप घेऊन केलेली. बोटांची टोकं तळव्याला टेकत होती, रुतत नव्हती.

हे टेकणं-रुतणं काय ते सांगायला हवं. आमच्या धंद्यात लाकूड तासायच्या वाकसाची, पटाशीची मूठ ज्याची तो स्वतः करतो. मूठ आवळली की बोटांची टोकं तळव्याला नुसती टेकली पाहिजेत. टेकली नाहीत तर मूठ जाड, हात दमतो. रुतली तर मूठ बारीक, हत्यार हातात फिरतं. म्हणून एकाचा वाकस दुसरा मागत नाही आणि कुणी देतही नाही. मी दहा वर्षांचा असताना बापाच्या वाकसाला हात लावला म्हणून मार खाल्ला होता, आणि मग त्याच बापानं माझ्या हाताची छोटी मूठ करून दिली होती. हे सगळं मला येत होतं. आणि मी पोरीसाठी म्हणून जे आणलं ते माझ्या हाताचं आणलं होतं. सुजूचा हात मालतीच्या हातापेक्षाही लहान. दुकानात सगळ्या लाकडाला माझे हात लागले, फक्त तिचे हात मी बघितले नाहीत.

शिडीवरून उतरलो तेव्हा मालती म्हणाली, "काय झाला?" मी म्हटलं, "काय नाय. धूळ गेली डोळ्यात."

दुसऱ्या दिवशी, कुणाला न सांगता, मी दुकानात गेलो. माझ्यासारख्याला ती पायरी चढणं म्हणजे काय होतं ते मलाच माहीत. काळी गिटार तारेवर नव्हती. दुकानदार चांगला माणूस, त्यानं फणसाची आठवण काढली नाही. "गेली हो काका, गणपतीच्या आधीच." मी विचारलं, मान तासली तर? तो घाबरलाच. "नका हो. आत लोखंडी सळी असते. जास्त लाकूड गेलं तर तारांच्या ताणानं मान मोडेल. मग ना गिटार ना काही." मी बरं म्हटलं आणि घरी आलो तो मान तासायचं नक्की करूनच.

पण या वेळी आधी हात. करवतीनं शिवणीच्या लाकडाच्या चार काठ्या कापल्या, चार जाडीच्या, गिटारीच्या मानेसारख्या एका अंगानं चपट्या, दुसऱ्या अंगानं गोल. सुजूला बोलावलं. "आईच्या कोयतीला मूठ करायचीय. कुठली बसते बघ."

"आईच्या कोयतीला माझा हात कशाला?"

"बघ म्हटला ना."

तिनं एकेक काठी धरली. तिसरी धरली आणि तिची बोटं आपोआप वेगवेगळी दाबली गेली, पट्टीवर दाबत होती तशी. डोळे मिटले. मग एकदम उघडले आणि माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. मला कळलं की तिला कळलंय. "ही," ती म्हणाली, आणि काठी माझ्या हातात न देता खाली फळीवर ठेवून आत गेली.

त्या काठीवरून पुठ्ठ्याचा साचा कापला. तारा काढल्या. रंधा वापरायची छाती झाली नाही. खिडकीची फुटलेली काच घेतली आणि तिच्या कडेनं खरवडायला बसलो, मूठ गुळगुळीत करतात तसं. दर चार हातांनी साचा लावायचा, दर दहा हातांनी पेरानं मानेवर टकटक करून सळी किती खोल बोलते ते ऐकायचं. भुसा पिठासारखा बारीक पडायचा. असे पाच दिवस. कपाटाचं एक काम हातात होतं, ते गिऱ्हाईक दारात येऊन ओरडून गेलं. मी ओरडू दिलं. सुजू कॉलेजातून यायची, पडवीतून आत जाताना थांबायची नाही, पण चाल हळू व्हायची. चौथ्या दिवशी टकटकीचा आवाज एकदम कडक आला, म्हणजे सळी जवळ आली. मी काच खाली ठेवली. साचा अजून केसभर अडत होता. दुसरी गिटार घ्यायची ऐपत नव्हती, आणि पोरगी दुसऱ्यांदा हो बाबा म्हणाली असती तर ते मला सोसलं नसतं. पाचव्या दिवशी ते केसभर काचकागदानं उतरवलं, अर्धा दिवस लावून. तारांखालची पट्टीही घासून थोडी बसवली, म्हणजे तारा बोटांना जवळ येतील.

तारा तिनंच चढवल्या. पिळताना मी आत जाऊन पाणी प्यायलो, कारण मोडायची तर तेव्हाच मोडली असती. मोडली नाही. मग पडवीतून एक सूर आला, त्याच्या मागे दुसरा आला, आणि मध्ये काही तुटलं नाही. मालती चुलीपुढून उठून दारात आली, हाताला पीठ. सुजू बराच वेळ वाजवत होती. थांबल्यावर म्हणाली, "बाबा, कोयती चांगली झाली."

तो एक हंगाम आम्हाला मिळाला. दोन हजार साल लागणार म्हणून टीव्हीवर जगबुडीच्या गोष्टी चालल्या होत्या आणि आमच्या पडवीत पेट्या ठोकणं आणि गिटार एका ठेक्यात चाललं होतं. मी दोन हलके एक जोरात, ती त्याच्या मधल्या जागांत. आंबेवाल्याचा माणूस पेट्या न्यायला आला की मोजणी विसरून उभा राहायचा. वैशाख पौर्णिमेला तिनं ती विहारात वाजवली. पहिल्या रांगेत तुकारामदादा बसला होता, मी त्याच्या शेजारी मुद्दाम. संपल्यावर तो कानाशी म्हणाला, "नाचतोस काय आता?" मी म्हटलं, "तू म्हणशील तर." त्या दिवशी मला कुणी काय म्हटलं असतं तरी चाललं असतं.

त्याच जूनमध्ये सुजू नर्सिंग शिकायला मुंबईला गेली. वसतिगृहात वाद्य ठेवू देत नव्हते. ती म्हणाली, "सांभाळा. हवा दमट असली की तारा सैल करून ठेवा." पुढे तिथेच नोकरी, लग्न, मग मस्कतचं इस्पितळ. पेट्याही गेल्या. हल्ली पुठ्ठ्याचे खोके येतात, त्यांना खिळा लागत नाही. आमच्या पडवीत आता सकाळी सात वाजताही दुपारच्या जेवणवेळेसारखी शांतता असते, आणि मालती म्हणते, तुम्हाला ऐकू कमी येतंय. येतंय मला सगळं. आवाजच नाही तर काय ऐकू?

दोन वर्षांपूर्वी सुजू आली होती. तिची मुलगीही आता गिटार वाजवते, तिकडची महागाची आहे. सुजूनं खुंटीवरची ही काढली, मांडीवर घेतली, मान धरली आणि जराशी थांबली. तिचा हात मी बघितला. माणसं उचलून, फिरवून, धरून तो हात रुंद झालाय, बोटं जाड झालीयत. मालतीच्या हातासारखा झालाय. म्हणाली, "बाबा, आता बारीक पडते हो. बोटं रुततात." मी म्हटलं, "लाकूड काढता येता गो, परत घालता नाय येत." ती हसली, तरी दोन गाणी वाजवलीच. जाताना नेतेस काय विचारलं, तर म्हणाली, राहू दे इथेच.

मग मी सांभाळतो. सांगितलंय तसं, हवा दमट झाली की तारा सैल करतो, उन्हं आली की पुसतो. मला वाजवता येत नाही आणि आता शिकणारही नाही. पण पुसून झाल्यावर मान जरा वेळ मुठीत धरून बसतो. सतरा वर्षांच्या पोरीच्या मापाची आहे ती, पाच दिवस बसून मी स्वतः केलेली. मालती आतून विचारते, "काय करताव?" मी म्हणतो, "तारा बघतोय." माझा हात सुताराचा, मोठा. बोटांची टोकं तळव्यात रुततात. रुतू देत.